‘मोअर दॅन एव्हर’ म्हणजे नक्की किती? आणि गोडाऊनमधले ५८ कूलर

जे ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करतात, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतेय.

आज एकच फ्रेज घेऊया. जाहिरातीत, बातम्यांत, ऑफिसच्या मेलमध्ये, रीलच्या कॅप्शनमध्ये ती रोज दिसते. ‘मोअर दॅन एव्हर’. आधी मोठ्याने म्हणा बरं. मो-अर दॅन ए-व्हर. जोर ‘ए’वर द्यायचा. ‘दॅन’ पटकन, हलकं म्हणायचं.

अर्थ सोपा आहे: पूर्वी कधीही नव्हतं इतकं. कधी नव्हे एवढं. आत्तापर्यंतच्या कुठल्याही वेळेपेक्षा जास्त.

आता म्हणाल, अर्थ कळला, संपला भाग! थांबा. या तीन शब्दांनी मला पहिल्या नोकरीत चांगला दणका दिलाय. व्याकरणाची चूक मेल पाठवायच्या आधी सुधारली होती. दुसरी चूक सुधारली नाही, आणि ती महागात पडली. तीच गोष्ट आधी सांगते.

२०१८ सालची गोष्ट. कॉलेज संपवून मी जळगावात एका कूलर-पंख्यांच्या डिस्ट्रिब्युटरकडे ऑफिसचं काम बघायचे. बिलं, स्टॉक आणि महिनाअखेरीस कंपनीला इंग्रजीत रिपोर्ट. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या मे महिन्यात आमचे ४१२ कूलर गेले. मी टॅलीत मागचं सगळं बघितलं. एवढा आकडा कुठेच नव्हता. मी जाम खूश! मेल लिहायला बसले आणि टाइप केलं, ‘धिस मे वी सोल्ड मोअर कूलर्स दॅन नेव्हर.’

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं, नेव्हर नाही, एव्हर.” मी ‘एन’ खोडला, मेल पाठवला. शेठना कॉपी केली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा शेठना फोन आला. कधी नव्हे एवढी विक्री झालीय म्हणताय, मग जूनसाठी ८० पीस जास्तीचे उचला, स्कीम चांगली देतो. शेठनी माझ्याकडे बघून विचारलं, “काय गं, खरंच एवढी विक्री आधी कधीच नव्हती?” मी ठामपणे म्हणाले, “हो शेठ, कधीच नाही.”

माल आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊसही आला. ८० पैकी २२ गेले, ५८ गोडाऊनमध्ये राहिले. कूलर पावसाळ्यात कोण घेणार? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेठचे पैसे त्या खोक्यांत अडकले.

तेव्हा आमच्या हिशेबाच्या काकांनी कपाटातून लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या काढल्या. दुकानात कॉम्प्युटर आला २०१३ साली. त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेलं. काकांनी २०१० चं पान उघडून बोट ठेवलं. मे महिना, ४३७ कूलर. आणि लगेच खाली, जून महिना, ३१ कूलर. मला म्हणाले, “पोरी, मे महिन्यात ज्यांना घ्यायचे त्यांनी घेऊन झाले की जूनमध्ये गिऱ्हाईक उरत नाही. हे इथे लिहिलेलं होतं. तू विचारलं असतंस तर दाखवलं असतं.”

शेठ ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “तुझं ते एव्हर २०१३ पासूनचं होतं होय?”

तर मंडळी, आजच्या भागाचं सार त्या प्रश्नात आहे. ‘एव्हर’ म्हणजे कधीपासून? हा प्रश्न मनात ठेवा. आता एकेक करून बघू.

‘नेव्हर’ का तोंडात येतं?

माझी पहिली चूक, ‘मोअर दॅन नेव्हर’, ही आपल्यापैकी खूप जण करतात. आणि त्याला कारण आहे आपली मराठी.

मराठीत हा अर्थ सांगताना आपण ‘न’ वापरतोच. ‘कधी नव्हे एवढी गर्दी.’ ‘पूर्वी कधीच पडला नाही इतका पाऊस.’ ‘आजवर झाली नव्हती एवढी विक्री.’ बघा, प्रत्येक वाक्यात नकार आहे. आपल्या डोक्यात वाक्य ‘कधीच नाही’ म्हणत तयार होतं, आणि ‘कधीच नाही’ला आपण शाळेत शिकलोय ‘नेव्हर’. म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

इंग्रजी तोच अर्थ वेगळ्या वाटेने सांगते. ती दोन गोष्टी तराजूत ठेवते. एका पारड्यात आजचा आकडा. दुसऱ्या पारड्यात आत्तापर्यंतचा कुठलाही दिवस, कुठलाही महिना, कुठलंही वर्ष. ‘एव्हर’ म्हणजे तो ‘कुठलाही’. आजचं पारडं त्या प्रत्येकापेक्षा जड, एवढंच ती म्हणते. नकाराची गरजच पडत नाही.

आणि ‘नेव्हर’ म्हणजे? एकदाही नाही. शून्य वेळा. दुसऱ्या पारड्यात काहीच ठेवलं नाही तर तुलना कशाशी करणार? म्हणून ‘दॅन’च्या मागे ‘एव्हर’. हे पक्कं करा. दॅन आलं की एव्हर.

मग ‘लाइक नेव्हर बिफोर’ कसं चालतं? अनेक जाहिरातींत असतं ना, ‘एक्सपिरियन्स साउंड लाइक नेव्हर बिफोर’. तिथे ‘दॅन’ नाहीये. तिथे जास्त-कमीची तुलना नाही. ‘जसं पूर्वी कधीच नव्हतं तसं’, असा थेट नकार आहे, अगदी मराठीसारखा. तेव्हा जोड्या अशा: दॅन एव्हर, लाइक नेव्हर. दोन्ही बरोबर, फक्त जोडीदार बदलायचे नाहीत.

आणखी एक गंमत. मराठीतलं ‘कधी नव्हे ते’ वेगळं. ‘कधी नव्हे ते दादा वेळेवर आला’ याचं इंग्रजी ‘मोअर दॅन एव्हर’ने होत नाही. तिथे म्हणायचं, ‘फॉर वन्स, दादा केम ऑन टाइम.’ ‘कधी नव्हे एवढं’ आणि ‘कधी नव्हे ते’, दिसायला भावंडं, पण घरं वेगळी.

वाक्यात कुठे बसवायचं?

पहिली जागा, वाक्याच्या शेवटी. क्रियापद जास्त होतंय असं सांगायचं असेल तेव्हा. ‘पीपल आर ट्रॅव्हलिंग मोअर दॅन एव्हर.’ लोक कधी नव्हे एवढा प्रवास करतायत. ‘आय मिस माय आजी मोअर दॅन एव्हर.’ मला आजीची कधी नव्हे एवढी आठवण येते.

दुसरी जागा, मधे वस्तू किंवा माणसं घालून. इथे फ्रेज फुटते. ‘मोअर’ पुढे, ‘दॅन एव्हर’ मागे, मधे नाम. ‘मोअर स्टुडंट्स दॅन एव्हर.’ ‘मोअर कूलर्स दॅन एव्हर.’ ‘मोअर दॅन एव्हर स्टुडंट्स’ असं म्हणू नका. आणि मोजता येणारं नाम असेल तर अनेकवचन: स्टुडंट नाही, स्टुडंट्स.

तिसरी जागा, विशेषणाबरोबर. छोटं विशेषण असेल तर त्यालाच ‘अर’ लागतं आणि ‘मोअर’ची सुट्टी. ‘बिगर दॅन एव्हर’, ‘हॉटर दॅन एव्हर’, ‘चीपर दॅन एव्हर’. मोठं विशेषण असेल तर ‘मोअर’ परत येतं. ‘मोअर एक्स्पेन्सिव्ह दॅन एव्हर.’ दोन्ही एकदम नाही. ‘मोअर बिगर’ म्हणजे चहात साखर घालून वर गूळ.

चौथी गोष्ट, उलट्या दिशेनेही चालतं. कधी नव्हे एवढं कमी. मोजता येत असेल तर ‘फ्यूअर’, येत नसेल तर ‘लेस’. ‘फ्यूअर पीपल दॅन एव्हर राइट लेटर्स.’ ‘देअर इज लेस वॉटर इन द वेल दॅन एव्हर.’

पाचवी, शेवटी ‘बिफोर’ लावायचं की नाही? ‘मोअर दॅन एव्हर बिफोर’ म्हटलं की ‘याआधीच्या सगळ्यापेक्षा’ यावर जोर येतो. आकड्यांबद्दल बोलताना ते छान वाटतं. भावनेबद्दल, गरजेबद्दल बोलताना ‘बिफोर’ सोडून दिलेलं जास्त नैसर्गिक. ‘आय नीड यू नाऊ मोअर दॅन एव्हर.’ बस, एवढंच.

सहावी, ‘एव्हर’ एकटंसुद्धा हेच काम करतं, ‘सर्वात’ म्हणायचं असेल तेव्हा. ‘द बेस्ट फिल्म एव्हर.’ १३ नोव्हेंबर २०१४ ला रोहित शर्माने ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध २६४ धावा काढल्या. तेव्हा म्हणता आलं, ‘द हायेस्ट स्कोअर एव्हर इन मेन्स वन-डे इंटरनॅशनल्स.’ या वाक्याचा शेवट नीट ऐका. ‘इन मेन्स वन-डे इंटरनॅशनल्स.’ नुसतं ‘द हायेस्ट स्कोअर एव्हर’ म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण कसोटीत त्याहून मोठ्या खेळी आहेत.

आणि इथूनच आपण माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो.

एव्हर म्हणजे कधीपासून, आणि कुठे?

व्याकरण बरोबर असूनही वाक्य चुकू शकतं. माझ्या मेलमध्ये एकही व्याकरणाची चूक नव्हती. तरी ५८ कूलर अंगावर आले.

‘मोअर दॅन एव्हर’ हा दावा आहे. सुरुवातीपासून आत्तापर्यंत, एकही अपवाद नाही, असा. आपल्याकडे ‘न भूतो न भविष्यति’ म्हणतात, त्यात तर पुढच्या काळाचीही हमी देऊन टाकतो. इंग्रजीची फ्रेज निदान पुढचं काही बोलत नाही. पण मागचं सगळं बोलते. म्हणून वापरायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, कुठे? २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घ्या. तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा जन्मलेलेही नसतील, पण घरात गोष्टी ऐकल्या असतील. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तिथली आधीची कुठलीही नोंद त्याच्या आसपास नव्हती. सांताक्रूझबद्दल ‘मोअर रेन दॅन एव्हर बिफोर’ अगदी खरं. पण त्याच दिवशी त्याच मुंबईत, कुलाब्याला नोंद झाली साधारण ७३ मिलिमीटरची. कुलाब्यासाठी तो जुलैतला एक नेहमीचा पावसाळी दिवस! म्हणजे ‘मुंबईत’ म्हणालात तर विचारावं लागतं, कुठल्या मुंबईत?

दुसरा प्रश्न, कधीपासून? भारतीय हवामान विभागाने २०२४ हे देशातलं १९०१ पासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष म्हणून नोंदवलं. ‘१९०१ पासूनचं’ हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण देशभराच्या सरासरीची त्यांची नोंद तिथून सुरू होते. इंग्रजीत, ‘द वॉर्मेस्ट इयर सिन्स १९०१’. किंवा ‘द वॉर्मेस्ट इयर ऑन रेकॉर्ड’. ‘ऑन रेकॉर्ड’ म्हणजे जेवढी नोंद आहे तेवढ्यात. वही जिथे सुरू होते तिथून पुढचंच बोलतोय, असा प्रामाणिक कबुलीजबाब त्यात आहे. मला २०१८ मध्ये हे दोन शब्द माहीत असते ना!

आता एक मराठी माणूस आणि एक मोठा आकडा. डिसेंबर १९४८, पुणे. रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. तेव्हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमनचा, ४५२ नाबाद, १९३० सालचा. निंबाळकरांना हव्या होत्या फक्त १० धावा. पण काठियावाडच्या संघाने पुढे खेळायला नकार दिला आणि डाव तिथेच थांबला.

तर आपण काय म्हणू शकतो? ‘ही स्कोअर्ड मोअर दॅन एनी इंडियन हॅड एव्हर स्कोअर्ड इन फर्स्ट-क्लास क्रिकेट.’ प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयांपैकी त्याआधी कुणीच काढल्या नव्हत्या इतक्या. शंभर टक्के खरं. ‘ही स्कोअर्ड मोअर दॅन एनीवन हॅड एव्हर स्कोअर्ड’? नाही म्हणू शकत. १० धावांनी नाही म्हणू शकत. वाईट वाटतं, पण आकडा आकडा असतो. मला उलट पहिलं वाक्यच जास्त आवडतं. त्यात कुठे थांबायचं हे माहीत असलेला माणूस बोलतोय असं वाटतं.

तिसरी एक छोटी गोष्ट, वाक्य शिळं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात पहिल्यांदाच १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. २०१६ मध्ये सुरू झालेली सोय! त्या महिन्यात ‘मोअर ट्रान्झॅक्शन्स दॅन एव्हर’ म्हणणं बरोबर होतं. पण पुढे त्याहून मोठे महिने आले. म्हणून जुन्या विक्रमाबद्दल लिहिताना तारीख घाला आणि काळ बदला. ‘इन ऑगस्ट २०२३, यूपीआय हँडल्ड मोअर ट्रान्झॅक्शन्स दॅन एव्हर बिफोर.’ ‘इन ऑगस्ट २०२३’ काढलंत की वाक्य शिळं.

याउलट काही वाक्यं सध्या रोज ताजी राहतात. १५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली असं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. लोकसंख्या अजून वाढतेच आहे, त्यामुळे ‘मोअर पीपल आर अलाइव्ह टुडे दॅन एव्हर बिफोर’ हे तेव्हा खरं होतं आणि आजही आहे.

खात्री नसेल तर काय म्हणायचं?

एव्हर पेलत नसेल तर छोटी मापं वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

‘मोअर दॅन लास्ट इयर.’ गेल्या वर्षीपेक्षा जास्त.
‘द मोस्ट इन फाइव्ह इयर्स.’ पाच वर्षांतलं सर्वाधिक.
‘मोअर दॅन इन एनी मे सिन्स २०१३.’ २०१३ पासूनच्या कुठल्याही मे महिन्यापेक्षा जास्त.
‘मोअर दॅन आय हॅव एव्हर सीन.’ मी आजवर पाहिलं त्यापेक्षा जास्त.

हे शेवटचं फार कामाचं. यात ‘एव्हर’ आहे, पण हद्द तुमची स्वतःची. तुम्ही वीस वर्षांचे असाल तर वीस वर्षांची. इंटरव्ह्यूमध्ये, क्लायंटच्या कॉलवर, कुणी ‘आर यू शुअर?’ विचारलं तर घाम फुटणार नाही.

आणि भावनेच्या वाक्यांना हे नियम लावत बसू नका हं. ‘आय लव्ह यू मोअर दॅन एव्हर’ असा मेसेज आला तर ‘कधीपासूनचा डेटा?’ असं उत्तर पाठवू नका. तिथे वही नसते.

आता तुमची पाळी

मी मराठीत म्हणते, तुम्ही पॉज करा, इंग्रजीत मोठ्याने म्हणा, मग उत्तर ऐका.

एक. यंदा आमच्या मंडळाकडे कधी नव्हे एवढी वर्गणी जमली.
उत्तर: ‘अवर मंडळ कलेक्टेड मोअर मनी धिस इयर दॅन एव्हर बिफोर.’

दोन. आत्ता मला तुझ्या मदतीची कधी नव्हे एवढी गरज आहे.
उत्तर: ‘आय नीड युवर हेल्प नाऊ मोअर दॅन एव्हर.’

तीन. पूर्वीपेक्षा कितीतरी कमी, कधी नव्हे एवढी कमी मुलं आमच्या गावच्या शाळेत आहेत.
उत्तर: ‘देअर आर फ्यूअर चिल्ड्रन इन अवर व्हिलेज स्कूल दॅन एव्हर.’ मुलं मोजता येतात, म्हणून फ्यूअर.

चार. कधी नव्हे ते लाइट गेली नाही.
उत्तर: ‘फॉर वन्स, द पॉवर डिडन्ट गो.’ फसलात ना? इथे एव्हर नाही.

पाच. हे वाक्य सुधारा: ‘पेट्रोल इज मोअर कॉस्टलियर दॅन नेव्हर.’
उत्तर: ‘पेट्रोल इज मोअर एक्स्पेन्सिव्ह दॅन एव्हर.’ व्याकरण बरोबर झालं. खरं आहे का, ते पंपावरचा आजचा भाव आणि जुने भाव बघून मगच म्हणा!

जाता जाता, त्या कूलरचं काय झालं ते राहिलंच. ५८ कूलर पुढच्या मार्चमध्ये सगळ्यात आधी निघाले, थोडी सूट देऊन. शेठनी माझ्या पगाराला हात लावला नाही. पण त्या पावसाळ्यात रिकाम्या दुपारी मी काकांच्या शेजारी बसून सगळ्या जुन्या वह्या टॅलीत भरल्या, १९९६ पासूनच्या. काका वाचून दाखवायचे, मी टाइप करायचे. दिवाळीच्या आधी काम संपलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘अवर सेकंड बेस्ट मे सिन्स १९९६.’ शेठनी वाचलं, चष्मा वर केला आणि काकांना विचारलं, “बरोबर आहे ना हे?” काका म्हणाले, “आता बरोबर आहे.”

तर तुम्हीही आज एक वाक्य बनवा, स्वतःच्या घरातलं, कॉलेजमधलं, कामावरचं. ‘मोअर दॅन एव्हर’ घालून. पाठवायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, “खरंच, पूर्वी एवढं कधी नव्हतं का हो?” त्यांनी मान हलवली तर एव्हर ठेवा. नाहीतर गोष्ट ऐकायला बसा, वाक्य नंतर सुधारता येईल.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि दॅनच्या मागे एव्हर, विसरू नका!